देव्हाऱ्यातले हेडमास्तर

लोहाऱ्याहून मोगरवाडीकडं जाताना डाव्या हाताला माळावर एक लांबलचक पत्र्याची इमारत लागते. तिच्या कपाळावर ‘श्रमभारती शेतकी विद्यालय’ अशी अक्षरं आहेत. त्यांतली काही पावसानं नेली आणि उरलेली कबुतरांनी झाकली. शाळा बंद पडून पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी तिथं बियाण्यांचं गोदाम होतं, दुष्काळात जनावरांची छावणी होती, आता निवडणूक आली की मतदान केंद्र असतं. शिक्षण सोडलं तर त्या इमारतीत बहुतेक सगळं होऊन गेलेलं आहे.

याच शाळेतून मोगरवाडीचे धुळाप्पा देवकते शेतकीची पदविका घेऊन बाहेर पडले आणि थेट वडिलांच्या मेंढरांत गेले. त्यांच्या वर्गातल्या उत्तरेश्वरला सरकारी नोकरी लागली, तो बदल्या घेत घेत कृषी अधिकारी झाला आणि आता लोहाऱ्यात बंगला बांधून निवृत्त बसला आहे. धुळाप्पांनाही बोलावणं येणार होतं. ते येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून त्यांनी काठी हातात घेतली. आता त्यांनी साठी ओलांडली. काठी अजून खाली ठेवलेली नाही.

पण शिकलेला माणूस मेंढरांत गेला तरी शिक्षण गप्प बसत नाही. या भागात उन्हाळ्यात शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवून घेतात. कळप रात्रभर शेतात बसला की आयतं खत होतं, आणि धनगराला बदल्यात ज्वारी मिळते. बाकीचे धनगर रान दाखवलं की कळप बसवतात. धुळाप्पा आधी मूठभर माती उचलत, बोटांत चोळत, नाकाशी नेत आणि म्हणत, “तुमच्या रानाला खत कमी न्हाय. निचरा न्हाय. मेंढरं बसवून काय उपेग? आधी चर काढा.” शेतकरी चर काढत नसे. तो दुसऱ्या धनगराला बोलावत असे. अशा रीतीनं धुळाप्पांनी आपल्या ज्ञानाच्या जोरावर बरीच गिऱ्हाइकं घालवली, आणि गावानं त्यांना ‘डिप्लोमा’ हे नाव दिलं.

शाळेनं त्यांना दिलेली दुसरी वस्तू म्हणजे एक पितळी पदक. ही गोष्ट त्या पदकाचीच आहे.

शाळेचे संस्थापक आणि हेडमास्तर वीरभद्र गुरुजी यांनी स्वतःची जमीन देऊन ही शाळा काढली होती. माणूस करडा. पूजाअर्चा, नवससायास यांचा त्यांना मनापासून तिटकारा. देवळापुढं नारळ फोडण्यापेक्षा नारळाचं झाड लावा, असं ते जाहीर सभेत सांगत. त्यांनी शाळेपुढं स्वतः दहाबारा झाडं लावूनही दाखवली. लोहाऱ्याच्या माळावर नारळ लागत नाही, हे त्यांना त्यानंतर कळलं. फोटो काढून घ्यायलाही त्यांचा विरोध होता. फोटोसाठी माणूस हातातलं काम सोडून उभा राहतो, आणि काम सोडून उभा राहिलेला माणूस शेतकरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. शाळेचा एकच सामुदायिक फोटो आहे, त्यात गुरुजी खाली वाकून गवत उपटताहेत.

धुळाप्पांच्या वर्षी शाळेला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं पास झालेल्या मुलांना गुरुजींची प्रतिमा असलेलं पदक द्यावं, असं बाकीच्या मास्तरांनी परस्पर ठरवलं, आणि ते काम त्यांनी तुळजापूरच्या एका कारागिराला दिलं. हा कारागीर टाक करणारा. टाक म्हणजे घरच्या देव्हाऱ्यात ठेवायचे, पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेले देव. त्याच्यापुढं फोटो नव्हता. पटका, मोठ्या मिशा, हातात ज्वारीचं कणीस, एवढं त्याला सांगितलेलं. नवा ठसा कोरायचा म्हणजे दिवस मोडतात. त्यानं घोड्यावर बसलेल्या वीराचा एक जुना ठसा घेतला, तलवारीच्या जागी कणीस कोरलं आणि घोडा घासून काढला. घोडा सगळा निघाला नाही. शेपूट राहिलं.

पदकं तयार होऊन आली तेव्हा गुरुजी आधी संतापले. मग त्यांनी एक पदक उजेडात धरून बारकाईनं बघितलं. “दाणे भरलेत कणसाचे,” ते म्हणाले. “चालंल.” चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं की नाही, कुणाला माहीत नाही.

धुळाप्पांनी पदक घरी आणून आईच्या हातात ठेवलं. दगडाबाईंना अक्षरओळख नव्हती. पण टाक ओळखायला अक्षरं लागत नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, बिरोबा होता, लढाईत पडलेला एक पणजोबा होता. सगळे पटकेवाले, सगळे मिशावाले, सगळ्यांचे डोळे वटारलेले. त्यांनी पदक दोन्ही डोळ्यांना लावलं.

“आई, ते हेडमास्तर हायत,” धुळाप्पा म्हणाले.

“असू दे की. नाव काय त्यांचं?”

“वीरभद्र.”

“मंग?”

“अगं, जित्ते हायत अजून. कालच मला गाढव म्हणले.”

“गुरूचा शब्द हाय, बाबा. फळतोय,” असं म्हणून दगडाबाईंनी टाक धुतला, हळद लावली आणि बिरोबाच्या शेजारी बसवला. नाव पडलं मास्तरबाबा.

त्यानंतर गुरुजी बरीच वर्षं हयात होते. इकडं आपल्याला रोज सकाळी आंघोळ घातली जाते आणि दर रविवारी भाकरीचा निवद दाखवला जातो, याची त्या विवेकी माणसाला कल्पना नव्हती. एकदा ते मेंढरं बघायला म्हणून घरी आलेसुद्धा. दगडाबाईंनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर धुळाप्पा म्हणाले, “आई, हेच मास्तरबाबा.”

“गप ये,” दगडाबाई म्हणाल्या. “मास्तरबाबा असले नसतेत.”

पुढं दगडाबाई गेल्या आणि देव्हारा सुनेच्या, म्हणजे अयोध्याबाईंच्या हाती आला. घरात लग्न निघालं की देव उजळून आणायची रीत असते. टाक सोनाराकडं न्यायचे आणि घासून लखलखीत करून आणायचे. धुळाप्पांचं लग्न झालं, भावांची झाली, बहिणींची झाली, मग पोरांची झाली. चांदीचे देव टिकले. पदकाचा पत्रा मुळात पातळ. प्रत्येक मांडवाबरोबर गुरुजींचं काही ना काही गेलं. पण त्यानं महती कमी झाली नाही, उलट वाढली. परीक्षेच्या दिवसांत गावातली पोरं येऊन मास्तरबाबाला हळद लावू लागली. पास झालेली पेढा ठेवत. नापास झालेली पुढच्या वर्षी पुन्हा येत, त्यामुळं गर्दी कधी कमी पडली नाही.

तर असं सगळं सुखानं चाललेलं असताना, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दारात एक पांढरी जीप येऊन थांबली. तीतून गुरुजींचा नातू शिवराज उतरला. त्याचं नळदुर्गला हायवेवर ट्रॅक्टरचं शोरूम आहे. मागून उत्तरेश्वर उतरले.

“काय डिप्लोमा?” उत्तरेश्वर म्हणाले. “मेंढरं काय म्हणतेत?”

“काय म्हणत न्हाईत,” धुळाप्पा म्हणाले. “म्हणून तर त्यांच्यात राहिलो.”

शिवराजनं सतरंजीवर बसून काम सांगितलं. आजोबांची जन्मशताब्दी आहे. याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचा आणि शाळेपुढं अर्धपुतळा बसवायचा. अडचण एकच. आजोबांचा चेहरा कुठंच नाही. शिवराज जन्मला तेव्हा आजोबा गेलेले. फोटोत ते गवत उपटताहेत.

“पाठ तेवढी स्पष्ट आली आहे, काका,” शिवराज म्हणाला. “पण पाठीचा पुतळा कसा करायचा?”

उरलं ते पदक. पण पदकं गेली कुठं, ते उत्तरेश्वरनी सांगितलं. तेर गावच्या एकानं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं, ते मिठानं खाल्लं. एकाचं बोरच्या मोटारीत वायसर म्हणून बसलं आणि मोटारीबरोबर खाली गेलं. बाकीच्यांची भंगारवाल्यानं नेली. स्वतः उत्तरेश्वरांचं बदल्यांमध्ये गहाळ झालं.

“माझ्याकडं हाय,” धुळाप्पा म्हणाले.

शिवराज सतरंजीवरून उठलाच. “काका! मग तुम्ही स्टेजवर. पहिल्या रांगेत. खुर्चीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावतो.”

“आणतो की,” धुळाप्पा म्हणाले. आजवर लोहाऱ्याला, धाराशिवला शेतकरी मेळावे झाले, पीक प्रदर्शनं झाली. त्यांच्या वर्गातली पोरं स्टेजवर खुर्च्यांत बसलेली असत आणि धुळाप्पा खाली पटक्याची घडी करून तिच्यावर बसत. वर बसलेले निचऱ्यावर बोलत. बोलत ते बरोबर. शिकवणारा एकच होता. पण खुर्ची ही गोष्ट माणसाला एकदा तरी लागतेच. आणि तीही कुठं, तर जिथं आपण पास झालो त्या शाळेपुढं.

“आणा मात्र,” जीपमध्ये चढता चढता उत्तरेश्वर म्हणाले. “मला तर इतकी वर्सं वाटायचं, त्या साली तुमी नापास झालता.”

जीप गेली. धुरळा खाली बसल्यावर धुळाप्पांच्या ध्यानात आलं की आपण शब्द दिला आहे तो देव्हाऱ्यातल्या देवाबद्दल, आणि देव्हारा आपल्या ताब्यात नाही.

अयोध्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मगच बोलल्या.

“देव काय येष्टी हाय का, कुणीबी हात केला की थांबायला?”

“अगं, देव कसला? ते माझं पदक हाय. मागं शाळेचं नाव हाय.”

“मागचं कोण बघतंय? आमी पुढनं पुजतो.”

“एका दिसाचा तर प्रश्न हाय.”

“त्याच आठवड्यात पोरीची बारावी लागलीय. पेपरच्या तोंडावर मास्तरबाबा घराभायेर? तुमाला खुर्चीत बसायचंय म्हणून?”

खुर्चीबद्दल धुळाप्पा घरात एक अक्षर बोलले नव्हते. पण संसार इतका जुना झाला की काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, आणि ऐकाव्या मात्र लागतात.

त्यांनी नातीकडं बघितलं. प्रतीक्षा विज्ञान शाखेला होती, हुशार होती, आणि मास्तरबाबा म्हणजे पितळेचा पत्रा आहे हे ती उघड बोलून दाखवत असे. “तू तरी सांग आज्जीला. तुझा इस्वास हाय का असल्यावर?”

“विश्वास नाही, आबा,” प्रतीक्षा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. “पण दहावीला होता तो देव्हाऱ्यात. प्रयोग चालू असताना मधेच काही हलवायचं नसतं.”

दोन दिवस घरात फारसं कुणी बोललं नाही. धुळाप्पा मेंढरं घेऊन जात आणि येत. जेवताना ताटाकडं बघत. तिसऱ्या दिवशी अयोध्याबाईंनीच विषय काढला. नवरा रागावला तर त्यांना चालत असे; पण तो गप्प बसला की घरातलं दूध नासल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत.

“तुमचं बी नको, माझं बी नको,” त्या म्हणाल्या. “त्यालाच इचारू.”

आंघोळ करून त्यांनी मास्तरबाबाला कौल लावला. टाकाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवला. उजवा पडला तर जायचं, डावा पडला तर राहायचं. बाकीच्या देवांच्या अंगावर दाणा धरायला काही तरी असतं, कुणाचा खांदा, कुणाची ढाल. मास्तरबाबा इतका गुळगुळीत झाला होता की दोन्ही दाणे बोट सोडल्याबरोबर खाली आले.

धुळाप्पा बघतच राहिले. “ह्याचा अर्थ काय?”

“सरळ हाय,” अयोध्याबाई म्हणाल्या. “जायाचं, अन् परत यायाचं.”

मात्र देव जातो तसं जायचं. खिशात घालून नाही. दुरडीत, नव्या खणावर, भंडारा उधळत. पुढं ढोल. एकदा उंबऱ्याबाहेर पडला की मधी कुठं टेकवायचा नाही. सांजवातीच्या आत घरी. रस्ताभर दुरडी त्या घेतील. “बोलावणं तुमाला हाय. तवा ठेजवर तुमी घ्यायची.”

धुळाप्पांनी सगळ्याला मान हलवली. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की अटी त्याला नीट ऐकू येत नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी शाळेपुढं मांडव पडला होता. माजी विद्यार्थी पांढऱ्या टोप्या आणि पांढऱ्या मिशा घेऊन खुर्च्यांवर बसले होते. स्टेजवर प्रमुख पाहुणे भरडधान्याचं भवितव्य या विषयावर बोलायला नुकतेच उभे राहिले होते. तेवढ्यात माळाच्या कडेनं ढोल वाजू लागला. वैजनाथ हा धुळाप्पांचा चुलतभाऊ; ढोल एकदा गळ्यात पडला की त्याला बाहेरचं काही दिसत नसे. मागं डोक्यावर दुरडी घेतलेल्या अयोध्याबाई, मागं अर्धी मोगरवाडी. भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली.

पाहुणे ज्वारीपर्यंत आले होते, तिथंच थांबले. ते निवडणुकीला उभे राहणारे गृहस्थ होते. समोरून दुरडी आणि भंडारा येताना दिसल्यावर कोणता देव आहे हे विचारत बसण्याइतके ते नवखे नव्हते. त्यांनी बूट काढले, खाली उतरले आणि नमस्कार केला. पाहुण्यांनी केला म्हणून शिवराजनं केला, शिवराजनं केला म्हणून सगळे रांगेत आले. सूत्रसंचालन उत्तरेश्वरांकडं होतं. त्यांनी भंडारा कपाळाला लावला, पण ध्वनिक्षेपक हातातच राहिला होता. त्यामुळं ते डोळे मिटून जे पुटपुटले ते माळावर सगळ्यांना ऐकू गेलं.

“देवा, पोराची बदली तेवढी लातूरला होऊ दे.”

मग दुरडी धुळाप्पांच्या डोक्यावर आली आणि ते स्टेजवर चढले. पहिल्या रांगेत, पाहुण्यांपासून तिसरी खुर्ची. लाल गादीची. पाठीवर चिठ्ठी: श्री. धुळाप्पा देवकते, माजी विद्यार्थी. त्यांनी ती दोनदा वाचली.

“बसा, काका,” शिवराज म्हणाला.

धुळाप्पा वाकायला लागले आणि अर्ध्यात थांबले. देव डोक्यावर असताना बसायचं नसतं. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आजच्या दिवसाशी त्याचा संबंध तेवढा लागला नव्हता. दुरडी खाली ठेवावी तर देव टेकतो. दुसऱ्याकडं द्यावी तर बोलावणं आपल्याला. त्यांनी खाली बायकांच्या रांगेत बघितलं. अयोध्याबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. धुळाप्पा सरळ झाले.

“हुबाच बरा हाय,” ते म्हणाले.

पाहुण्यांचं उरलेलं भाषण झालं, अध्यक्षांचं झालं, बियाणं कंपनीच्या माणसाचं झालं. धुळाप्पा दुरडी सावरत खुर्चीच्या शेजारी उभे होते. चिठ्ठी मधून मधून वाऱ्यानं फडफडत होती.

शेवटी सोलापूरहून आलेला मूर्तिकार कुलदीप वर आला. तरुण, चष्मेवाला, हातात वही-पेन्सिल. “काका, बघू का जरा?”

“हात धुऊन!” खालून अयोध्याबाईंचा आवाज आला.

कुलदीपनं हात धुतले, टाक दुरडीतच अलगद तिरका केला आणि बराच वेळ बघितला.

“नाक कुठंय?”

“धाकट्या भावाच्या लग्नात गेलं,” धुळाप्पा म्हणाले. “उजळताना.”

“आणि डोळे?”

“थोरल्या लेकीच्या लग्नापस्तोर होते.”

“मग चेहरा म्हणून काय उरलंय?”

“हे काय, मिशी हाय की.”

कुलदीपनं चष्मा पुसला. “आणि हे मागं काय आहे?”

“शेपूट. घोड्याचं.”

“आजोबांकडं घोडा होता?” शिवराजनं विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.

“बघा,” उत्तरेश्वर ध्वनिक्षेपकात म्हणाले, “ह्यात गुरुजी कुठंच न्हाईत.”

“तुमच्याकडं किती हायत ते काढा की मंग,” अयोध्याबाई म्हणाल्या. बायकांच्या बाजूला हशा झाला आणि उत्तरेश्वरनी ध्वनिक्षेपक बंद केला.

मग कुलदीपनं जमलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारलं, गुरुजी दिसायला कसे होते? सगळ्यांना अगदी स्वच्छ आठवत होतं. गुरुजींच्या चपलांना टायरचे तळ होते. धोतराला डाव्या बाजूला ठिगळ होतं. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. हाताचा पंजा रुंद होता, तो तर पुष्कळांना आठवत होता, काहींना गालावर. चेहरा मात्र एकालाही सांगता येईना. गुरुजी समोर आले की वर बघण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

शिवराज धुळाप्पांच्या जवळ आला. पोरगा मनापासून बोलत होता. “काका, पुतळ्याचं होईल ते होईल. पण आजोबांच्या हयातीतली ही एकच वस्तू राहिली. ती शाळेत राहू द्या. काचेचं कपाट करतो. खाली पितळी अक्षरांत तुमचं नाव. कायमचं. लोक येतील, वाचतील.”

“आरं दे की,” उत्तरेश्वर या वेळी हळू आवाजात, वर्गात बोलायचे तसे बोलले. “खुर्चीतनं तर उठावंच लागतंय कवा ना कवा. नाव ऱ्हाईल.”

धुळाप्पांची मान अवघडली होती. कपाळावरून घाम उतरून भंडाऱ्यात मिसळत होता. पितळी अक्षरं त्यांना डोळ्यांपुढं दिसली. खरं सांगायचं तर अक्षरांचा आकारसुद्धा दिसला. त्यांना आई दिसली, सकाळच्या उन्हात टाक धुताना, अंगठ्यानं हळू हळू गुरुजींच्या कपाळावरची कालची हळद काढताना. खाली प्रतीक्षा उभी होती. भौतिकशास्त्राचं पुस्तक तिनं मेळाव्यातही आणलं होतं, पण ती पुस्तकात बघत नव्हती, दुरडीकडं बघत होती.

“शिवराज,” ते म्हणाले, “तुमाला आजोबांचा चेहरा पायजे. त्यो ह्यात न्हाय. जो काय व्हता, त्यो आमच्याच घरात झिजला, आमच्याच हातानं. आता उरलंय ते आमचं हाय. घरी दिवा लावायचाय.”

 शिवराजनं दुरडीला हात लावून नमस्कार केला. पहिला नमस्कार त्यानं पाहुण्यांकडं बघून केला होता. या वेळी कुणाकडं बघितलं नाही.

“चेहऱ्याचं मी सांगतो,” धुळाप्पा कुलदीपला म्हणाले. “तुमी काढा.”

आणि डोक्यावर दुरडी धरून, डोळे मिटून ते सांगू लागले. कपाळ रुंद. डोळे मोठे, जरा वटारलेले. नाक सरळ. मिशा कानाकडं वळलेल्या. ते अगदी प्रामाणिकपणं सांगत होते. चाळीस वर्षं रोज आंघोळ झाल्यावर ते देव्हाऱ्यातला हाच चेहरा बघून रानात गेले होते, आणि त्यामागचा दुसरा, खरा चेहरा कधी पुसला गेला ते त्यांना कळलं नव्हतं. पेन्सिल चालत होती. वही फिरवून दाखवली तेव्हा मांडवात सुस्कारा सुटला.

“हेच!” तेरचा लोणचेवाला म्हणाला. “हुबेहूब!”

“आजोबा...” शिवराज म्हणाला.

पुतळा पुढं दोन महिन्यांनी बसला. पटका, मिशा, वटारलेले डोळे, हातात भरल्या दाण्यांचं कणीस. येणाऱ्याजाणाऱ्या बाया पदर डोक्यावर घेतात आणि कुणीतरी पायथ्याशी नारळ फोडतं. ज्या माळावर गुरुजींनी नारळ लावून बघितला होता, तिथं आता तो मुबलक मिळतो. पण हे पुढचं.

त्या दिवशी जेवणं उरकली, जिपा गेल्या, पाहुणे तर कधीच गेले होते. उन्हं तिरपी झाली. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होता. वैजनाथ ढोल उशाला घेऊन निवांत झोपला होता. धुळाप्पा दुरडी घेऊन पायऱ्या उतरले आणि गावाच्या वाटेला लागले.

“थांबा,” अयोध्याबाई म्हणाल्या. “द्या हिकडं.”

त्यांनी दुरडी आपल्या डोक्यावर घेतली. धुळाप्पांनी मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवून बघितली. ती अजून फिरत होती.

“जावा, बसून या.”

“कुटं?”

“कुटं म्हणजे? हाय की तुमची अजून तिथं.”

“सांजवात?”

“म्या हुबी हाय न्हवं?”

“आता कोण बघतंय? काय उपेग?”

“म्या बघलाले की,” अयोध्याबाई म्हणाल्या. “जावा.”

धुळाप्पा परत स्टेजवर चढले. लाल गादीच्या खुर्च्या शेवटी न्यायच्या म्हणून राहिल्या होत्या. चिठ्ठी एका कोपऱ्यावर लोंबत होती. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून बसवली, पटका नीट केला आणि बसले. समोर रिकामा मांडव, त्यापलीकडं माळ, आणि मधोमध डोक्यावर दुरडी घेऊन उभी असलेली बायको.

मंडपवाला जवळ येऊन घुटमळला. “काका, खुर्ची...”

“दमा की,” धुळाप्पा म्हणाले. “अजून टेकलो न्हाय.”

आणि ते पाठ टेकून बसले.